पाणी तर नळही देतो

थोरलीला आयुष्यात एकच वाक्य ऐकायचं होतं, आणि तेही चार शब्दांचं. आईने फोन कानाला लावावा, पलीकडे धाकटी असावी, आणि आईने म्हणावं, "हे तुझ्या ताईने केलं." काय केलं ते काहीही असो. चालू केलेला पंखा असो, जमलेला रस्सा असो. सत्तेचाळीस वर्षं ती त्या वाक्यासाठी ताटकळत होती. बस येत नाही हे कळूनही माणूस थांब्यावरून हलत नाही, इतका वेळ उभं राहिल्यावर आता चालत कुठे जायचं म्हणून, तशी.

ती लाँड्रीत डाग काढायची. रक्ताला गार पाणी, गंजाला लिंबू, शाईला स्पिरिट, आणि चहाच्या जुन्या डागाला नुसती सबुरी. मालक गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या बाईंच्या हातात द्या. माणसं धुता आली असती ना, तर दुकानापुढची रांग हटली नसती." बाई मान खाली घालून कॉलर घासत राहायच्या. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल व्हायच्या.

घरी आई होती. अठ्ठ्याहत्तरची. खुब्याचं हाड मोडल्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली. पायातलं सगळं बळ निघालं ते जिभेत जाऊन बसलं. धाकटीला ती सोनू म्हणायची, थोरलीला 'ए'. ए, चहा. ए, दार वाजतंय. ए, ती उशी.

दोघी लहान होत्या तेव्हा वेण्या घालताना आई एक ओवी म्हणायची. तिनेच जुळवलेली.

*धाकली माझी लेक, जशी दारावरची जाई,*
*थोरली माझी लेक, दारामागची शिराई.*

"शिराई म्हणजे काय गं?" धाकटीने विचारलं होतं.

"केरसुणी."

तिघीही हसल्या होत्या. थोरली सगळ्यांत जास्त हसली होती. ओवीत निदान जागा तरी मिळाली होती.

पुढे जाई गेली. शिकली, नोकरीला लागली, लग्न करून तीन तासांवरच्या शहरात गेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी यायची, संत्री आणायची, संध्याकाळच्या गाडीने परत. केरसुणी दारामागेच राहिली. एकदा तिलाही कुणी विचारलं होतं. चष्म्याच्या दुकानातला होता, भला माणूस होता. आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "चष्मे विकतो ना? मग स्वतः एक का लावत नाही?" आणि इतकं हसली, इतकं हसली, की थोरलीने दुसऱ्या दिवशी लाँड्रीत धुवायला आलेला त्या माणसाचा कोट स्वतः न देता दुसरीकरवी परत पाठवला.

झाड घरात आलं ते वडील गेले तेव्हा. त्यांच्या कचेरीतल्या लोकांनी पाठवलं. पीस लिली, मातीच्या लहानशा कुंडीत. गडद हिरव्या पानांतून एक पांढरंशुभ्र फूल वर आलेलं. तळहाताएवढी पांढरी पाकळी आणि तिच्या कुशीत मक्याच्या बाळकणसासारखा दांडा. महिन्याभराने फूल हिरवं पडून वाळलं, आणि पुढची तीन वर्षं नुसती पानं.

एका रविवारी संत्र्याची फोड तोंडात ठेवत आई म्हणाली, "हे गेल्यापासून या झाडाने तोंड मिटलंय. आता जिच्या हाताला फूल येईल, तिचीच माया खरी."

"मग ताईचीच!" धाकटी हसत म्हणाली. "मी तर घरात कॅक्टस मारलाय."

आईही हसली. थोरली हसली नाही. तिने झाडाकडे बघितलं. न्हाणीच्या बाजूला, पॅसेजच्या अंधारात, चपलांच्या स्टँडवर ते बसलं होतं, तिच्यासारखंच.

सोमवारपासून ती त्याच्यामागे लागली. पहिली चूक तिने अगदी मायेने केली. लाँड्रीत एक मशीन होतं, ते पाणी मऊ करायचं. नळाचं कडक पाणी मिठाच्या टाकीतून जायचं आणि असं मऊ होऊन यायचं की त्यात धुतलेला टॉवेल गालाला लागला तर झोप यावी. थोरलीने विचार केला, जे लोकांच्या तान्ह्या बाळांच्या झबल्यांना देतो, ते माझ्या झाडाला का नको? रोज पाच लिटरचा कॅन भरून ती चार जिने चढायची. तीन आठवड्यांत प्रत्येक पानाचं टोक तपकिरी झालं, विडीने चटका दिल्यासारखं.

एक पान खुडून ती नर्सरीत घेऊन गेली. नर्सरीवाली जाडजूड बाई, गुडघ्यापर्यंत चिखल, कानावर पेन्सिल. तिने पान उलटं केलं, सुलटं केलं.

"काय पाजता याला?"

थोरलीने सांगितलं.

"अहो ताई, मिठावरून आलेलं पाणी! लोणचं घालायचंय का झाडाचं?" नर्सरीवाली खो खो हसली, मग तिचा चेहरा बघून थांबली. "बरं, असू द्या. मायेने मारलेली झाडं मी रोज बघते. लाँड्रीत वाफेची इस्त्री असेल ना? तिच्यात घालतात ते डिस्टिल्ड पाणी द्या. आणि रोज नाही हं. पान जरा मान टाकायला लागलं की मगच."

"आणि फूल?"

"फुलाला उजेड लागतो. ऊन नाही, उजेड. खिडकी हवी, मध्ये पातळ पडदा हवा. खत चिमूटभर, तेही पानाचं नाही, फुलाचं." तिने कागदाच्या पुडीत पोटॅश बांधून दिलं. "आणि कुंडी बदलू नका इतक्यात. घट्टच बरी. मुळं आवळली, पसरायला जागा नाही मिळाली, की झाड घाबरतं आणि फूल काढतं. मोठ्या कुंडीत टाकलंत की आधी हातपाय पसरेल, पानंच पानं. दोन-दोन वर्षं फुलाचं नाव नाही."

"आमच्याकडे आलं तेव्हा फूल होतं."

"ते औषध फवारून काढलेलं. दुकानात सगळी तशीच. आता येईल ते त्याच्या मनाचं." जाताना तिने एक मोठी रिकामी कुंडी आणि मातीची पिशवीही हातात दिली. "घेऊन ठेवा. दोन-चार फुलं झाली की कधीतरी सोडवावं लागेलच बिचाऱ्याला."

रात्री जेवताना थोरलीने हे सगळं आईला सांगितलं. मुळं आवळण्याचंही. आई घास चावत ऐकत होती. "हं," एवढंच म्हणाली.

पण घरात उजेडाची खिडकी एकच, आईच्या खुर्चीजवळची.

"इथे नको," आई म्हणाली. "माझा उजेड खाईल."

"आई, कोपऱ्यात ठेवते. तुला दिसणारही नाही."

"एक तू दिसतेस तेवढं पुरे."

आठवडा गेला. मग धाकटीचा फोन आला, थोरलीने हळूच तिला सांगितलं, आणि धाकटी आईला म्हणाली, "असू दे की गं आई खिडकीत." आईने फोन ठेवला. "ए. ते झाड आण इकडे. सोनू म्हणतेय."

थोरलीने आणलं. लाँड्रीतून टाकून दिलेल्या जाळीच्या पडद्याला हातशिलाई घातली आणि खिडकीला लावला. रोज सकाळी कामावर जायच्या आधी एकेक पान ओल्या फडक्याने पुसायची, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं, हनुवटीखाली हात धरून. पुसता पुसता तिला आपोआप ओवी सुचायची. *पान गं पुसते, पानाखाली माझा हात, कुणी गं पुसावी माझ्या जिवाची ती बात.* मोठ्याने म्हणायची नाही. आई जागी असायची.

चार महिने गेले. आणि एका गुरुवारी पानांच्या बुडाशी एक पान वेगळं निघालं. जरा जाड, जरा फिकं, घट्ट गुंडाळलेलं. थोरली गुडघ्यांवर बसली. बोट लावायचा धीर होईना. त्या दिवशी लाँड्रीत तिने एका रेशमी साडीवरचा गंज असा उतरवला की मालकांनी साडी दिव्यापुढे धरली आणि नुसती मान हलवली.

तिने आईला सांगितलं नाही. पूर्ण उमलू दे, मग दाखवू. पण कळीने शनिवारी मान वर काढली, आणि रविवार नेमका पहिला होता.

"आई! अगं फूल!" धाकटी पिशवी खाली न ठेवताच ओरडली.

आईने मान वळवली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "बघ. तू पाऊल टाकलंस आणि उमललं. तुझ्या हाताला गुणच आहे, सोनू."

"काहीतरीच काय आई! मी कुठे हात लावलाय? ताईनेच केलंय सगळं. पाणी बघ, पडदा बघ."

"ती पाणी घालते," आई म्हणाली. तिने थोरलीकडे बघितलंही नाही. "पाणी तर नळही देतो."

थोरली स्वयंपाकघरात गेली आणि संत्री धुऊ लागली. सोलायचीच होती, तरी धूत राहिली. मागून धाकटी आली, खांद्यावर हात ठेवला. "ताई, तू मनावर घेऊ नकोस गं. तिचं वय झालंय."

"माझंही होतंय," थोरली म्हणाली, आणि नळ बंद केला.

ते फूल पाच आठवडे टिकलं. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, शेजारणीला, औषधवाल्याला, गॅसवाल्याला. "धाकटीचा हात लागला आणि आलं." थोरली आतून चहाचे कप घेऊन यायची आणि ठेवून जायची.

दुसरी कळी निघाली तेव्हा मात्र तिने मनाशी दिवस मोजले. पहिला रविवार अजून लांब होता. ही कळी एखाद्या मधल्या बुधवारी उमलेल. घरात मी असेन आणि आई असेल, तिसरं कुणी नसेल. मग कुणाचं नाव घेईल?

आणि तसंच झालं. बुधवारी सकाळी पडद्यातून उजेड झिरपत होता, आणि कळीने गुंडाळी सोडली होती. इतकं पांढरं, की तिच्या हाताखालून गेलेलं कुठलंच कापड तेवढं पांढरं निघालं नव्हतं. तिने कुंडी उचलून आईच्या मांडीजवळ धरली.

"आई, बघ."

आईने बघितलं. बराच वेळ. मग थोरलीकडे बघितलं, तेही बराच वेळ.

"धाकटी कधी येतेय?"

"अकरा दिवसांनी."

"तोवर उतरेल हे."

"नाही उतरणार, आई. महिनाभर राहतं."

"मला शिकवू नकोस. मोरीत ठेव. अंधारात, गारव्यात राहील ताजं. आणि पाणी देऊ नकोस, भराभर फुलून जातं." मग आवाज एकदम खाली आणून, कधी नव्हे त्या आवाजात आई म्हणाली, "ती येऊ दे. तिच्यासमोरच सांगते, हात कुणाचा ते."

थोरलीला माहीत होतं. उजेड लागतो, पाणी लागतं, कुंडी घट्ट असली की माती लवकर सुकते. सगळं पाठ होतं. पण 'तिच्यासमोरच सांगते' हे शब्द तिच्या कानात शिरले होते, आणि त्यापुढे नर्सरीवालीची अक्कल टिकेना. तिने कुंडी मोरीत नेली.

रोज सकाळी आंघोळ करताना ते झाड समोर असायचं. शेजारी काठोकाठ भरलेली बादली. तिसऱ्या दिवशी पानांनी मान टाकली. सहाव्या दिवशी देठ वाकले. नवव्या दिवशी तिने तांब्या भरला, कुंडीवर धरला, आणि तसाच स्वतःच्या डोक्यावर ओतला. दोनच दिवस रे, ती झाडाला म्हणाली. तू माझ्यासाठी एवढं कर.

रविवारी नऊला फोन वाजला. आईच्या खुर्चीच्या हातावर तो कायम असायचा. धाकटीच्या मुलीला ताप होता, तिला येता येणार नव्हतं.

"हो सोनू. हो. पोरीला जप. नाही गं, इथे काय, नेहमीचंच." आईने फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागली.

थोरली दारात उभी होती. "सांगितलं नाहीस."

"काय?"

"फुलाचं."

"हां, ते. राहिलं. पुढल्या महिन्यात आली की बघू."

थोरली मोरीत गेली आणि कुंडी घेऊन आली. खुर्चीसमोर जमिनीवर ठेवली. न पिळता दोरीवर टाकलेल्या कपड्यासारखी सगळी पानं काठावरून खाली लोंबत होती. फुलाचा देठ मोडल्यासारखा वाकला होता. पांढऱ्यावर हिरवट झाक आली होती.

"मारलंस ना शेवटी!" आई ओरडली. "तुझ्या हाताला यशच नाही!"

"मेलं नाही. तहानलंय. पाणी दिलं की तीन तासांत उठून बसतं."

"मग दे की!"

थोरली समोरच्या स्टुलावर बसली. शेजारच्या टोपलीतून तिने मालकांचा शर्ट काढला, सुई ओवली, बटण लावायला घेतलं.

"ए. पाणी दे त्याला."

"नळाला सांग."

आईला आधी कळलं नाही. मग कळलं. बटणाला चार भोकं होती. थोरलीने चारही भोकांतून सुई नीट घेतली, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, दुसरं बटण घेतलं.

"तुझ्या बापाचं झाड आहे ते."

"हो."

"जीव आहे गं त्याच्यात."

"आहे ना."

आईची काठी भिंतीला टेकलेली होती, हात पोचणार नाही इतकी लांब. आईने खुर्चीच्या हातावरचा आपला पाण्याचा पेला उचलला. पुढे वाकली. हात लांबवला आणि पेला कलता केला. कुंडी वीतभर लांब राहिली. सगळं पाणी फरशीवर सांडलं. थोरलीने उठून फडक्याने ते पुसून घेतलं, डाग पुसावा तसं कडेकडून मध्याकडे, आणि फडकं मोरीत पिळून आली. आईने तिच्याकडे बघितलं. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा भीतीने बघितलं.

दुपार झाली. जेवण झालं, आईला ताट हातात मिळालं, औषध मिळालं, पेला पुन्हा भरून मिळाला, पण पिऊन होताच थोरलीने तो परत घेतला. झाड समोर तसंच.

"काय हवंय तुला?" आई शेवटी म्हणाली.

"तुला माहितेय. तिला फोन लाव. चार शब्द सांग."

आई हसली. ते चष्म्याच्या दुकानातल्या माणसाला हसलेलं हसू नव्हतं. थकलेलं होतं. "मला काय दिसत नाही होय? पडदा कुणी शिवला, पानं कुणी पुसली? तू रोज पाच वाजता उठतेस ते ऐकते मी. तुझ्या हातासारखा हात माझ्या आईलाही नव्हता."

थोरलीच्या हातातली सुई थांबली.

"मग कधी म्हणाली का नाहीस?"

"धाकटीला म्हटलं ना. लहानपणापासून म्हटलं, गुणाची माझी, शहाणी माझी. काय झालं? पानं पसरली आणि गेली. महिन्याला एक दिवस येते, संत्री घेऊन." आईने पानांकडे बोट केलं. "तुझी ती नर्सरीवाली काय म्हणाली? मुळं आवळलेलीच बरी. मला हे ती सांगायच्या आधीपासून ठाऊक होतं. तुला एकदा जरी शाबास म्हटलं असतं ना, तर तू त्या चष्मेवाल्याकडे गेली असतीस. मग मला खुर्चीतून कुणी उठवलं असतं?"

थोरलीने सुई शर्टाला टोचून ठेवली. ती उठली, चपलांच्या स्टँडमागून मोठी कुंडी काढली, मातीची पिशवी काढली, आणि आईसमोर वर्तमानपत्र अंथरून बसली.

"काय करतेस?"

थोरलीने लहान कुंडी आडवी धरून बुडाला थापट्या मारल्या. झाड निघेना. तिने बत्ता आणला आणि एकच घाव घातला. खापरं बाजूला झाली. आत माती नव्हतीच जवळजवळ, नुसती मुळं, पांढरी, एकमेकांच्या गळ्यात पडून कुंडीच्या आकाराची होऊन बसलेली. तिने बोटांनी एकेक मूळ सोडवलं. खूप वेळ लागला. तिला घाई नव्हती.

"असं केलंस तर फूल नाही येणार," आई म्हणाली.

"नाही येणार."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. कदाचित जास्त."

आईने मनाशी काहीतरी मोजलं. गेल्या महिन्यात डॉक्टर काय म्हणाले होते ते दोघींनाही माहीत होतं.

"म्हणजे मी बघायची नाही."

"नाही," थोरली म्हणाली, आणि मोठ्या कुंडीत माती दाबली. मग दोऱ्याच्या कात्रीने हिरवं पडलेलं फूल कापलं, आईच्या रिकाम्या पेल्यात उभं केलं आणि पेला खुर्चीच्या हातावर ठेवला. फूल पेल्याच्या काठावरून खाली लोंबलं. सगळ्यात शेवटी तिने डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणला आणि झाडाला पाणी दिलं, हळूहळू, खालून झिरपेपर्यंत.

उन्हं कलली तशी पानं एकेक करून वर आली. आई बघत होती. थोरली फरशी पुसत होती. फोन वाजला. आईने बोट दाबलं, धाकटीचा आवाज खोलीभर झाला.

"आई, ताप उतरला गं. म्हटलं सांगावं. झाड कसंय? दुसरी कळी येतेय म्हणाली होती ताई."

आईने पेल्यातल्या फुलाकडे बघितलं, मोठ्या कुंडीकडे बघितलं.

"आई? फूल आलं का?"

"आता नाही यायचं. माझ्या डोळ्यांदेखत तरी नाही."

"अगं, म्हणजे काय? काय झालं?"

आईचा आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट आले. "हे तुझ्या ताईने केलं."

थोरली फडकं हातात घेऊन तशीच बसली होती. नखांत काळी माती होती. ती कोणत्याच पाण्याने लगेच निघणार नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक. चारही शब्द तिने नीट ऐकले, एकेक करून. मग मान वर केली.

"आई," ती शांतपणे म्हणाली, "परत एकदा सांग. तिला नीट ऐकू गेलं नसेल."